उपग्रह मोजणी यंत्राचा पडदा कसा वाचावा?

जमिनीच्या मोजणीत साखळी आणि प्लेन टेबल यांची जागा आता बऱ्याच ठिकाणी उपग्रह रिसीव्हरने घेतली आहे. दोन मीटर उंचीच्या दांड्यावर बसवलेला डब्याच्या आकाराचा अँटेना आणि मोजणीदाराच्या हातातील छोटा कंट्रोलर, एवढेच हे साहित्य असते. कंट्रोलरच्या पडद्यावर बिंदूचे स्थान मिलिमीटरपर्यंत उमटते. बाजूला उभा असलेला जमीनमालक ते आकडे पाहतो आणि एवढ्या बारकाईने लिहिलेला आकडा बरोबरच असणार, असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात मिलिमीटरचा आकडा प्रत्येक वेळी उमटतो; यंत्राची चूक एक सेंटिमीटर असो वा तीन मीटर. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे पडद्याच्या कडेला लहान अक्षरांत लिहिलेले असते. या नोंदींना स्थितिदर्शक नोंदी म्हणतात.

या नोंदींचा अर्थ पूर्वी केवळ व्यावसायिक भूमापकांपुरता होता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेने हे तंत्र गावठाणातील घरांपर्यंत आणले. या योजनेत गोव्याचाही समावेश आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर उभारलेल्या एक हजारांहून अधिक स्थायी संदर्भ केंद्रांच्या जाळ्यामुळे अशी मोजणी अधिक सुलभ झाली आहे. त्यामुळे ज्याच्या हद्दीचा दगड या यंत्राने ठरणार आहे, त्यालाही पडद्यावरील चार-पाच शब्द कळणे आवश्यक आहे.

आबिड्सचे उदाहरण का?

देशातील भूमापनाच्या शिक्षणात हैदराबादला महत्त्वाचे स्थान आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था तेथे उप्पल भागात आहे. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आवारातील उपग्रह निरीक्षण केंद्र ‘एचवायडीई’ या संक्षिप्त नावाने जागतिक जाळ्यात ओळखले जाते. या मोकळ्या आवारांत रिसीव्हर जे दाखवतो आणि शहराच्या मध्यभागी आबिड्सच्या बाजारपेठेत जे दाखवतो, त्यांत मोठे अंतर पडू शकते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेतील आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या भागाला नाव मिळाले. आज तेथे दाट वस्ती, काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती, अरुंद गल्ल्या आणि त्यांवर पसरलेले फलक आहेत. उपग्रह मोजणीपुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका भागात एकत्र सापडतात. मडगावच्या जुन्या बाजारात किंवा पणजीच्या जुन्या वसाहतीतील गल्लीत मोजणी करणाऱ्यालाही याच अडचणी भेडसावतात.

यंत्र नेमके काय मोजते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक या प्रणालीही अशाच प्रकारे संकेत पाठवतात. मोबाइल फोन प्रामुख्याने संकेतातील सांकेतिक क्रम वापरून अंतर काढतो. त्यातून मोकळ्या जागी काही मीटरपर्यंतची अचूकता मिळते. मोजणीचा रिसीव्हर त्यापुढे जाऊन खुद्द वाहक लहर मोजतो. जीपीएसच्या एल-१ संकेताची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची, तर एल-२ ची सुमारे २४.४ सेंटिमीटर लांबीची असते. लहरीचा अंश रिसीव्हर मिलिमीटरपर्यंत मोजू शकतो. मात्र उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा किती पूर्ण लहरी मावल्या, हे त्याला सुरुवातीला ठाऊक नसते.

ही पूर्ण संख्या शोधून काढणे हा संपूर्ण पद्धतीचा गाभा आहे. त्यासाठी दोन रिसीव्हर लागतात. ज्ञात बिंदूवर स्थिर ठेवलेल्या यंत्राला बेस म्हणतात आणि बिंदूगणिक हलवल्या जाणाऱ्या यंत्राला रोव्हर. बेस आपली निरीक्षणे रेडिओने किंवा मोबाइल इंटरनेटने रोव्हरकडे पाठवतो. दोघांची तुलना करून रोव्हर पूर्ण संख्या ठरवतो आणि आपले स्थान जागच्या जागी काढतो. या पद्धतीला आरटीके म्हणतात. स्थायी संदर्भ केंद्रांची सेवा घेतल्यास मोजणीदाराला स्वतःचा बेस मांडावा लागत नाही.

रिसीव्हरवरील दिवे

बहुतेक रिसीव्हरच्या अंगावर तीन ते पाच दिवे असतात. त्यांचे रंग आणि लुकलुकण्याची पद्धत उत्पादकागणिक बदलते, म्हणून यंत्रासोबतची पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते. दिव्यांमागील अर्थ मात्र सर्वत्र जवळपास सारखाच असतो. एक दिवा वीजपुरवठा आणि बॅटरीचा, दुसरा उपग्रहांचा मागोवा दाखवणारा, तिसरा बेसकडून दुरुस्ती-माहिती येत असल्याचे सांगणारा, तर चौथा निरीक्षणे स्मृतीत साठवली जात असल्याची खूण असतो. कंट्रोलरशी जोडणी दाखवणारा दिवा काही यंत्रांत वेगळा असतो.

तिसऱ्या दिव्याबाबत गैरसमज अधिक आहे. तो नियमित लुकलुकत असेल, तर दुरुस्ती-माहिती पोहोचत आहे एवढेच सिद्ध होते. ती वापरून उकल निघाली की नाही, हे त्या दिव्यावरून समजेलच असे नाही. त्यासाठी कंट्रोलरचा पडदा पाहावा लागतो.

उकलीचा प्रकार : पहिला वाचण्याचा शब्द

पडद्यावर सर्वप्रथम पाहायचा शब्द उकलीच्या प्रकाराचा. रिसीव्हर आपली माहिती इतर उपकरणांना देताना एनएमईए नावाच्या प्रमाणित स्वरूपाचा वापर करतात. त्यातील ‘जीजीए’ या ओळीत उकलीचा दर्जा एका अंकाने दिलेला असतो. त्या अंकांचा अर्थ असा :

० – स्थान उपलब्ध नाही.

१ – केवळ उपग्रहांवरून काढलेले स्थान. कंट्रोलरवर ‘ऑटोनॉमस’ किंवा ‘सिंगल’ असे दिसते. चूक मीटरांत मोजावी.

२ – डिफरन्शियल स्थान. यात सांकेतिक क्रमाला दुरुस्ती लावलेली असते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानवाहतुकीसाठी उभारलेल्या गगन प्रणालीची दुरुस्ती मिळाल्यावरही हाच अंक दिसतो. अचूकता सर्वसाधारणपणे एखाद-दोन मीटरच्या आसपास.

४ – आरटीके फिक्स्ड. पूर्ण संख्या ठरली आहे. अनुकूल स्थितीत चूक एक ते तीन सेंटिमीटर.

५ – आरटीके फ्लोट. पूर्ण संख्येचा अंदाज आला आहे, पण ती निश्चित झालेली नाही. चूक काही डेसिमीटरपासून मीटरपर्यंत.

६ – मागील वेग व दिशा यांवरून बांधलेला अंदाज.

७ आणि ८ – हाताने भरलेले स्थान आणि सरावासाठीचे कृत्रिम स्थान.

(३ हा अंक लष्करी वापराच्या अचूक सेवेसाठी राखीव असून नागरी मोजणीत त्याचा संबंध येत नाही.)

हद्दीच्या मोजणीत ‘४’ आणि ‘५’ यांतील फरक निर्णायक असतो. आबिड्समधील एका दुकानाची जागा २० मीटर खोल आहे, असे समजा. बाजूची हद्द फ्लोट अवस्थेत ४० सेंटिमीटर सरकली, तर ८ चौरस मीटर जागा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. हैदराबादेत प्रचलित असलेल्या चौरस यार्डांत हे क्षेत्र साडेनऊ यार्डांच्या वर जाते. बाजारपेठेतील एवढी जागा दिवाणी दावा उभा राहण्यास पुरेशी आहे. एखाद्या बिंदूची नोंद कोणत्या अवस्थेत झाली हे कंट्रोलर प्रत्येक बिंदूसोबत साठवतो, त्यामुळे मोजणीनंतरही ते तपासता येते.

उपग्रह किती आणि कोठे?

पडद्यावर उपग्रहांचे दोन आकडे दिसतात : मागोवा घेतलेले आणि प्रत्यक्ष उकलीत वापरलेले. महत्त्व दुसऱ्याला आहे. साध्या स्थानासाठी किमान चार उपग्रह लागतात. आरटीकेची सुरुवात करण्यास किमान पाच. आकाश मोकळे असेल आणि रिसीव्हर सर्व प्रणाली वापरत असेल, तर एका वेळी तीसहून अधिक उपग्रह मिळू शकतात. क्षितिजाजवळच्या उपग्रहांचे संकेत वातावरणातून लांब वाट कापून येतात, म्हणून १० किंवा १५ अंशांखालील उपग्रह वगळण्याची मर्यादा कंट्रोलरमध्ये घातलेली असते.

संख्येइतकीच मांडणीही महत्त्वाची. उपग्रह आकाशभर विखुरलेले असतील तर स्थान पक्के येते. एकाच बाजूला दाटलेले असतील तर लहान चूक मोठी होते. ही मांडणी ‘डीओपी’ या आकड्याने व्यक्त होते. आडव्या स्थानासाठी एचडीओपी, उंचीसाठी व्हीडीओपी आणि दोन्ही मिळून पीडीओपी. पहिल्या दोहोंच्या वर्गांची बेरीज ही तिसऱ्याच्या वर्गाइतकी असते. उदाहरणार्थ, एचडीओपी ०.९ आणि व्हीडीओपी १.५ असल्यास पीडीओपी सुमारे १.७५ येतो. दोनच्या आत पीडीओपी उत्तम, चारपर्यंत समाधानकारक आणि सहाच्या पुढे मोजणी थांबवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. व्हीडीओपी बहुधा एचडीओपीहून मोठा असतो, कारण पायाखालच्या बाजूचे उपग्रह दिसू शकत नाहीत. उंचीचा आकडा आडव्या स्थानापेक्षा कमी भरवशाचा असण्यामागे हे एक मुख्य कारण आहे.

उपग्रहांचा आकाशनकाशाही पडद्यावर पाहता येतो. आबिड्सच्या एखाद्या उत्तर-दक्षिण गल्लीत उभे राहिल्यास दोन्ही बाजूंच्या इमारती पूर्व आणि पश्चिमेचे आकाश झाकतात. उरलेले उपग्रह गल्लीच्या रेषेत, एका पट्ट्यात दिसतात. अशा वेळी गल्लीच्या लांबीच्या दिशेने स्थान बरे येते, पण रुंदीच्या दिशेने कमकुवत होते. भिंत रस्त्यात किती पुढे आली, हा प्रश्न नेमका रुंदीचा असतो. म्हणजे जेथे वाद आहे, त्याच दिशेला यंत्र सर्वाधिक दुबळे पडते. एका एकत्रित पीडीओपीमधून ही गोष्ट लक्षात येत नाही; आकाशनकाशा पाहिल्यावर मात्र ती चटकन समजते.

संकेताची ताकद आणि परावर्तन

प्रत्येक उपग्रहापुढे संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दिलेले असते. त्याचे एकक डेसिबल-हर्ट्झ. उंचावरील उपग्रहासाठी ४५ च्या आसपासचा आकडा चांगला मानतात. ३५ च्या खाली गेल्यास संकेत क्षीण झाला असे समजावे. माडांच्या किंवा कुळागराच्या दाट सावलीत, विशेषतः पावसानंतर ओल्या पानांखाली, हा आकडा घसरतो.

काच आणि पत्र्याच्या भिंतींजवळ वेगळी अडचण येते. उपग्रहाचा संकेत थेट न येता भिंतीवर आपटून येतो आणि लांबची वाट कापल्यामुळे अंतर चुकीचे निघते. याला बहुमार्गी परावर्तन म्हणतात. उंचावरील उपग्रहाचा आकडा विनाकारण खालीवर होत असेल, तर परावर्तनाची शंका घ्यावी. रस्त्यातून मोठी बस किंवा मालमोटार गेल्यावर संकेत क्षणभर तुटतो आणि लहरींची मोजदाद चुकते. रिसीव्हर ती नव्याने सुरू करतो आणि पडद्यावर फिक्स्ड जाऊन फ्लोट येते. पुन्हा फिक्स्ड येईपर्यंत थांबणे एवढाच त्यावर उपाय असतो.

दुरुस्ती-माहितीचे वय आणि बेसचे अंतर

पडद्यावर ‘एज’ या शीर्षकाखाली काही सेकंद दिसतात. बेसकडून आलेली शेवटची माहिती किती जुनी आहे, हे त्यातून कळते. नेहमीच्या कामात हा आकडा एक-दोन सेकंदांचा असतो. मोबाइल इंटरनेट खंडित झाल्यास तो वाढू लागतो. ठरावीक मर्यादेपर्यंत रिसीव्हर जुन्या माहितीवर काम चालवतो आणि त्यानंतर फिक्स्ड सोडून देतो. आकडा सतत वाढत असताना बिंदू नोंदवणे टाळावे.

बेसपासूनचे अंतरही महत्त्वाचे. आरटीके रिसीव्हरच्या माहितीपत्रकात आडव्या अचूकतेसाठी ‘८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम’ असा उल्लेख सामान्यतः आढळतो. पीपीएम म्हणजे दशलक्षातील एक भाग. दर किलोमीटरमागे एक मिलिमीटर. उप्पलच्या बाजूला बेस मांडून आठ-नऊ किलोमीटरवरील आबिड्समध्ये मोजणी केली, तर या हिशेबाने सुमारे १७ मिलिमीटर होतात. हा आकडा मोकळ्या आकाशासाठीचा आहे. गल्लीतील आडोसा आणि परावर्तन यांचा त्यात समावेश नसतो.

बेसचे स्वतःचे स्थान चुकीचे भरले असेल, तर त्याची खूण रोव्हरच्या पडद्यावर उमटत नाही. घाईत बेस मांडताना ज्ञात बिंदूचे सहनिर्देशक न भरता यंत्राने त्या क्षणी काढलेले स्थानच स्वीकारण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते. ते स्थान काही मीटरने चुकलेले असू शकते. रोव्हर त्यानंतर फिक्स्ड दाखवतो, सेंटिमीटरची अचूकता दाखवतो, आणि सर्व बिंदू एकाच दिशेने तेवढ्याच मीटरांनी सरकतात. प्लॉटचा आकार बरोबर येतो, त्याची जागा चुकते.

एचआरएमएस आणि व्हीआरएमएस

मोजणीदार ज्या आकड्यावर सर्वाधिक विसंबतात, तो हा. आडव्या आणि उभ्या स्थानातील अपेक्षित चुकीचा अंदाज एचआरएमएस आणि व्हीआरएमएस या नावांनी दाखवला जातो. ०.०१२ मीटर असे दिसल्यास अंदाज १२ मिलिमीटरचा. हा अंदाज बहुतेक यंत्रांत सुमारे ६८ टक्के विश्वासपातळीचा असतो. म्हणजे तीनपैकी साधारण एका वेळी प्रत्यक्ष चूक त्याहून अधिक असू शकते. काही कंट्रोलरवर ९५ टक्क्यांची पातळी निवडता येते. दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांची पातळी एकच आहे का, हे पाहावे लागते.

हा आकडा रिसीव्हर स्वतःच्या निरीक्षणांच्या परस्पर जुळणीवरून काढतो. बाहेरच्या कोणत्याही ज्ञात मोजमापाशी त्याची तुलना झालेली नसते. बेसचे चुकलेले स्थान, अँटेनाची चुकीची भरलेली उंची, कललेला दांडा यांपैकी काहीही त्यात धरलेले नसते. दोन मीटरचा दांडा एक अंश कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. नव्या यंत्रांत कल भरून काढणारे संवेदक असतात. त्यांची स्थिती दाखवणारी वेगळी खूण पडद्यावर असते आणि ती ‘तयार’ दाखवत नसेल तर दांड्यावरील पाणसळीच्या बुडबुड्यावरच भिस्त ठेवावी लागते.

खोटा फिक्स्ड

पूर्ण संख्या ठरवताना रिसीव्हर संख्याशास्त्रीय कसोटी लावतो. सर्वांत चांगला पर्याय दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायापेक्षा पुरेसा सरस ठरला, की तो स्वीकारला जातो. परावर्तित संकेतांच्या गर्दीत क्वचित चुकीचा पर्याय या कसोटीला उतरतो. पडद्यावर फिक्स्ड दिसते, एचआरएमएस एक-दोन सेंटिमीटर दिसतो, आणि स्थान मात्र काही डेसिमीटरने किंवा त्याहूनही अधिक चुकलेले असते. या अवस्थेला खोटा फिक्स्ड म्हणतात. सर्व नोंदी अनुकूल असताना झालेली ही चूक पडद्याकडे पाहून ओळखता येत नाही.

तिच्यावर उपाय पुनर्मोजणीचा आहे. बिंदू नोंदवल्यानंतर उकल मुद्दाम तोडावी, अँटेना क्षणभर झाकावा किंवा कंट्रोलरमधून नवी सुरुवात करावी, आणि पुन्हा फिक्स्ड आल्यावर तोच बिंदू मोजावा. दोन्ही उत्तरे दोन-तीन सेंटिमीटरांत जुळल्यास भरवसा वाढतो. मधे अर्धा-एक तास जाऊ दिल्यास उपग्रहांची मांडणी बदलते आणि चाचणी अधिक कसून होते. इमारतीला अगदी लागून असलेला कोपरा या यंत्राने मोजण्याचा आग्रह धरू नये. गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या आकाशाखाली दोन बिंदू पक्के करून तेथून टोटल स्टेशनने कोपरा घेणे अधिक सुरक्षित असते.

सूर्यास्तानंतरची मोजणी

आबिड्ससारख्या भागात दिवसाच्या गर्दीमुळे रस्त्याची कामे रात्री करण्याकडे कल असतो. उपग्रह मोजणीला ही वेळ नेहमीच मानवत नाही. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर संकेतांना विलंब लावतो. दक्षिण भारतातून चुंबकीय विषुववृत्त जाते आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर काही तास आयनांबरात अनियमित घडामोडी होतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, तसेच सूर्यावरील डागांचे प्रमाण अधिक असलेल्या वर्षांत त्या तीव्र होतात. अशा वेळी मोकळ्या मैदानातही संकेताची ताकद झपाट्याने खालीवर होते, फिक्स्ड तुटते आणि फ्लोट रेंगाळते. हैदराबाद आणि गोवा दोन्ही या प्रभावाच्या कक्षेत येतात. यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी घड्याळ पाहावे. तेच काम सकाळी विनासायास होते.

सहनिर्देशक आणि उंची

पडद्यावर वापरात असलेल्या सहनिर्देशक प्रणालीचे नाव असते. उपग्रह मोजणी डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक चौकटीवर आधारलेली आहे. भारताचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर काढलेले होते. हैदराबादच्या परिसरात या दोन चौकटींतील फरक शंभर मीटरांहून अधिक भरतो. जुन्या नकाशावरचा बिंदू रूपांतर न करता यंत्रात भरल्यास तो दुसऱ्याच गल्लीत जाऊन पडतो.

यूटीएम पट्ट्याचीही खात्री करावी लागते. ७२ ते ७८ अंश रेखांशांचा पट्टा ४३ वा आणि ७८ ते ८४ अंशांचा ४४ वा. गोवा ४३ व्या पट्ट्यात येतो. हैदराबाद साडेअठ्ठ्याहत्तर अंशांच्या जवळ, म्हणजे ४४ व्या पट्ट्याच्या पश्चिम कडेला आहे. थोड्याच अंतरावरील बिदर मात्र ४३ व्या पट्ट्यात मोडते. एका ठिकाणची मांडणी दुसरीकडे तशीच वापरली, तर पूर्व दिशेचा आकडा शेकडो किलोमीटरने बदलतो.

उंचीबाबत गोंधळ अधिक होतो. रिसीव्हर जी उंची काढतो ती गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. भारतीय द्वीपकल्पात समुद्रसपाटीचा सरासरी पृष्ठभाग या लंबगोलाच्या बराच खाली आहे. हैदराबादेत हा फरक सुमारे ७५ मीटरांचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर तो साठ मीटरांहून अधिक असल्याने मिरामारच्या वाळूत उभा केलेला रिसीव्हर ऋण उंची दाखवतो. यंत्रात बिघाड नसतो. भूरूप प्रतिमान निवडलेले नसते. गटार, नाले आणि पूररेषा यांच्या कामात पडद्यावर कोणती उंची दिसत आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पडताळणीची जुनी शिस्त

भूमापनात स्वतंत्र पडताळणीचा नियम उपग्रहांच्या फार पूर्वीचा आहे. विल्यम लॅम्बटन यांनी महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण दक्षिणेतून उत्तरेकडे नेताना १८१५ मध्ये बिदरजवळ आधाररेषा मोजून घेतली. त्रिकोणांच्या साखळीतून गणिताने आलेली लांबी जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडून पाहण्याची ती पद्धत होती. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ मध्ये हैदराबादेत त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जात असताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. कोणिकेचे आकडे परस्परांशी कितीही जुळले, तरी ते ज्ञात लांबीवर तपासले जात. आजच्या यंत्रासाठीही नियम तोच आहे : कामाच्या आरंभी आणि अखेरीस एखाद्या ज्ञात बिंदूवर रोव्हर उभा करावा आणि फरक लिहून ठेवावा.

जुन्या नकाशांची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली हैदराबादचे तपशीलवार नगरनकाशे तयार झाले. गोव्यात १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली सर्वेक्षण होऊन सर्व्हे नंबर आणि एक-चौदाचे उतारे रूढ झाले. कागदावरील रेघेला स्वतःची जाडी असते. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर पाव मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर रुंद होते. अशा नकाशावरून हद्द ठरवताना रिसीव्हरने दिलेली सेंटिमीटरची अचूकता बिंदूच्या स्थानाला लागू होते. हद्द तेथेच होती याचा पुरावा त्यातून मिळत नाही. त्यासाठी जुने दगड, बांध, भिंती आणि दस्तऐवज पाहावेच लागतात.

मोजणीच्या वेळी विचारण्याचे प्रश्न

जमीनमालकाने मोजणीदाराला पुढील गोष्टी विचारण्यात काही गैर नाही. बिंदू नोंदवताना उकल फिक्स्ड होती का? पीडीओपी आणि वापरलेल्या उपग्रहांची संख्या किती होती? बेसचे सहनिर्देशक कोठून घेतले? ज्ञात बिंदूवर तपासणी केली का आणि फरक किती आला? वादातील कोपरा दोनदा मोजला का? उंची कोणत्या पातळीपासूनची आहे? या प्रश्नांची उत्तरे कंट्रोलरमधील अहवालात लेखी मिळू शकतात. तो अहवाल मोजणीच्या नकाशासोबत मागून घ्यावा. हद्दीचा वाद कधी न्यायालयात गेला, तर दगड कोठे रोवला यासोबतच तो कोणत्या अवस्थेत मोजला, हेही सांगावे लागते.